निर्णय कोणाचा? : कॅथॉलिक महिला महाविद्यालयातल्या वादविवाद मंडळाचं प्रकरण

हे प्रकरण एका कॅथॉलिक महिला महाविद्यालयातलं आहे. महाविद्यालयाचं, धर्मसंघाचं किंवा कोणा व्यक्तीचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. वादविवाद मंडळाने ‘स्त्रियांना गुरुदीक्षा मिळावी’ (म्हणजे त्यांनाही चर्चमध्ये धर्मगुरू होता यावं) या विषयावर जाहीर वाद ठेवला आणि त्यावरून गदारोळ झाला, एवढंच बाहेर कळलं. म्हणून हा धर्मशास्त्राचा तंटा आहे असा बहुतेकांचा समज. पण वादाला परवानगी द्यायची की नाही हे तिथे एका बैठकीत, दीड तासात ठरलं. ती बैठक बोलवायला मात्र नऊ दिवस लागले, आणि सगळं नुकसान त्या नऊ दिवसांत झालं. मंडळांचं काम पाहणाऱ्यांनी लक्ष द्यायचं ते तिथे.

## पार्श्वभूमी

महाविद्यालय धर्मभगिनींच्या एका संघाने चालवलेलं आहे. रोजच्या कारभारात आता दोनच सिस्टर उरल्या आहेत: प्राचार्या आणि ईशशास्त्राच्या (ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या) एक ज्येष्ठ प्राध्यापिका. बाकी शिक्षक संघाबाहेरचे. विद्यार्थिनींमध्ये कॅथॉलिक मुली निम्म्याहून कमी. काही वसतिगृहात राहतात, बऱ्याच जणी रोज ये-जा करतात. त्यामुळे साडेपाचनंतर ठेवलेला कार्यक्रम हा वसतिगृहाचाच कार्यक्रम होतो, हे तिथलं उघड गुपित आहे.

मंडळं कागदावर तीसेक. त्यातली निम्मी जिवंत. नाट्य, गायनवृंद, विद्यार्थिनींचं वार्तापत्र, पर्यावरण, सेवा मंडळ आणि वादविवाद मंडळ यांचं काम वर्षभर चालतं. बाकीच्यांना सत्राच्या सुरुवातीला, सभासद नोंदणीच्या दिवशी, अचानक जाग येते. महिला महाविद्यालयाचा एक फायदा इथे ठळक दिसतो. खजिनदार मुलगी, शिडीवर चढून रंगमंचाचे दिवे लावणारी मुलगी, छापखान्यात जाऊन भाव पाडून घेणारीही मुलगीच. ‘तू सूत्रसंचालन कर, हिशोब आम्ही बघतो’ असं म्हणणारं कोणी नसतं, त्यामुळे तिसऱ्या वर्षापर्यंत मुली कारभारात चांगल्या मुरतात. याच मुरलेपणाशी पुढे प्रशासनाची गाठ पडली.

कॅथॉलिक शिक्षणसंस्थांमध्ये विद्यार्थी मंडळं ही उपरी गोष्ट नाही. १५६३ मध्ये रोममध्ये जेझुइट या धर्मसंघाच्या महाविद्यालयात यान ल्युनिस या तरुण शिक्षकाने प्रार्थना आणि सेवेसाठी विद्यार्थ्यांचं मंडळ सुरू केलं. १५८४ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी त्याला अधिकृत मान्यता दिली, आणि ‘सोडॅलिटी’ या नावाने अशी मंडळं जगभर पसरली. दुसरं उदाहरण या प्रकरणाला अधिक लागू पडतं. पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम हा विद्यार्थी मित्रांसोबत एका इतिहास-चर्चा मंडळात वाद घालायचा. चर्चने पूर्वी काय केलं ते पुरे, आज गरिबांसाठी तुम्ही काय करता, असा टोमणा समोरच्या बाजूने मारला. तो झोंबला. त्यातूनच १८३३ मध्ये सेंट व्हिन्सेंट द पॉल संस्थेची सुरुवात झाली. म्हणजे ज्या सेवाकार्याचा कॅथॉलिक महाविद्यालयांना सर्वांत जास्त अभिमान, त्याची एक मोठी परंपरा वादविवाद मंडळातच जन्मली. आपल्या महाविद्यालयात मात्र सेवा मंडळाचा फलक प्रवेशद्वाराशी आणि वादविवाद मंडळाचा जिन्याखाली.

मान्यतेचे नियम कुठेही असतात तसेच होते. मंडळाची लेखी घटना हवी, सल्लागार प्राध्यापिका हवी, सभासदांची किमान संख्या हवी, वर्षाचा हिशोब विद्यार्थिनी परिषदेला द्यायला हवा. मान्यता मिळाली की परिषदेकडून निधी मिळतो, हॉल मिळतो, फलक मिळतो आणि नावाआधी महाविद्यालयाचं नाव लावता येतं. या शेवटच्या गोष्टीकडे कोणी फारसं लक्ष दिलेलं नव्हतं.

वादविवाद मंडळ ब्रिटिश संसदीय पद्धतीने वाद घालतं: दोघींचे चार संघ, दोन प्रस्तावाच्या बाजूने, दोन विरुद्ध. प्रत्येकीला सात मिनिटं, पहिल्या आणि शेवटच्या मिनिटात मध्येच प्रश्न विचारायचा नाही. बाजू चिठ्ठीने ठरते. स्वतःचं मत काहीही असो, वाट्याला आलेली बाजू लढवायची. मंडळाची अध्यक्ष तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. घर कॅथॉलिक, स्वतः चॅपलच्या गायनवृंदात. ही मुलगी चर्चविरोधी आहे असं पुढे ज्यांनी म्हटलं, त्यांनी तिला रविवारी मिस्सात, म्हणजे चर्चच्या उपासनेत, गाताना ऐकलेलं होतं.

## काय घडलं

वर्षातला शेवटचा जाहीर वाद २९ एप्रिलला ठेवायचं ठरलं. तारीख मुद्दाम निवडलेली. तो सिएनाच्या संत कॅथरीनचा सण. चौदाव्या शतकात पोप आजच्या फ्रान्समधल्या आव्हिन्यूनला राहत असताना त्यांनी रोमला परतावं म्हणून ग्रेगरी अकरावे यांना खडसावणारी पत्रं पाठवणारी ही बाई. १३७७ मध्ये पोप परतले. १९७० मध्ये चर्चने तिला आणि आविलाच्या संत तेरेसाला ‘चर्चच्या आचार्या’ हा मान दिला. तोवर तो कोणत्याही स्त्रीला मिळालेला नव्हता. अध्यक्ष मुलीला ही जुळणी फार आवडली होती.

कार्यक्रमाचा फॉर्म नियमाप्रमाणे भरला गेला. त्यात खुर्च्या किती, माइक किती, बाहेरचे पाहुणे आहेत का, हॉल कोण बंद करणार, एवढं विचारलं होतं. विषयाचा रकाना नव्हताच. सल्लागार मॅडमनी सही केली. कार्यालयातल्या लिपिकाने पोस्टरवर ठरलेल्या जागी शिक्का मारला. कोणी काही लपवलं नाही, आणि कोणी काही वाचलंही नाही.

पोस्टर सोमवारी, १५ एप्रिलला लागलं. काळा कागद, पांढऱ्या पेनने हाताने काढलेली अक्षरं, मध्यभागी हातात लिली आणि पुस्तक घेतलेली कॅथरीन. खाली प्रस्ताव, वेळ दुपारी अडीच (ये-जा करणाऱ्या मुलींना थांबता यावं म्हणून), आणि शेवटच्या ओळीत चार शब्द: ‘शेवटी सर्वांचं खुलं मतदान’.

महाविद्यालयाचे चॅप्लन, म्हणजे तिथले नेमलेले धर्मगुरू, असलेल्या फादरांनी ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर पाहिलं. ते मंडळाशी बोलले नाहीत. त्यांनी विद्यार्थिनी कल्याण विभागाच्या डीन मॅडमना ईमेल लिहिला. डीन मॅडमनी तो प्राचार्यांना पाठवला. प्राचार्या त्या आठवड्यात संघाच्या सभेसाठी बाहेरगावी होत्या. ‘आल्यावर बोलू,’ एवढं उत्तर आलं. मग डीन मॅडमनी सल्लागार मॅडमना जिन्यात गाठून सांगितलं, ‘जरा थांबा.’ सल्लागार मॅडमना वाटलं, दोन दिवसांत मिटेल, मुलींना उगाच कशाला घाबरवा. त्यांनी मुलींना काहीच सांगितलं नाही.

मधल्या काळात कोणीतरी पोस्टरचा फोटो काढून माजी विद्यार्थिनींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. फोन सुरू झाले. दोन फलकांवरची पोस्टरं नाहीशी झाली. कोणी काढली ते अजूनही कळलेलं नाही. शुक्रवारी मंडळाची सचिव माइक तपासायला हॉलवर गेली तेव्हा शिपाईमामा म्हणाले, ‘बाळा, किल्ली देऊ नको म्हणून निरोप आहे.’ बंदीची बातमी मुलींना अशी, हॉलच्या कुलुपासमोर कळली.

वार्तापत्राच्या वार्ताहर मुलीने डीन मॅडमना विचारलं तेव्हा त्यांनी उत्तर दिलं, ‘कार्यक्रमाबाबत कोणताही निर्णय झालेला नाही.’ हे अक्षरशः खरं होतं. ऐकणाऱ्या प्रत्येकीने त्याचा अर्थ ‘नाही’ असा घेतला.

## नेमकी समस्या काय होती

यात तीन प्रश्न एकमेकांत अडकले होते, आणि जो तो आपल्याला दिसलेल्या एकाच प्रश्नाबद्दल बोलत होता.

पहिला शिकवणुकीचा. चर्चच्या कायद्याचा १०२४ वा नियम गुरुदीक्षा बाप्तिस्मा झालेल्या पुरुषालाच देता येते असं सांगतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २२ मे १९९४ च्या पत्रात स्त्रियांना दीक्षा देण्याचा अधिकारच चर्चला नाही, असं लिहिलं. पुढच्या वर्षी व्हॅटिकनच्या संबंधित विभागाने ही शिकवण कायमची मानायची आहे असा खुलासा केला. म्हणजे हा विषय चर्चच्या दृष्टीने ‘यावर विचार चालू आहे’ या खणातला नाही. फादरांचं म्हणणं इथून सुरू होत होतं आणि त्यात चूक काही नव्हती.

दुसरा प्रश्न नावाचा. कॅथॉलिक विद्यापीठांसाठीचं मूळ मार्गदर्शक कागदपत्र, पोप जॉन पॉल दुसरे यांचंच ‘एक्स कोर्दे एक्लेसिए’, १९९० चं. त्यात दोन गोष्टी शेजारीशेजारी आहेत: कॅथॉलिक शिकवणुकीचा प्रभाव संस्थेच्या सर्व कामांवर असावा, आणि प्रत्येकाच्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा पूर्ण आदर राखला जावा. लगेच पुढे असंही आहे की संस्थेची अधिकृत कृती तिच्या कॅथॉलिक ओळखीशी सुसंगत हवी. मग विद्यार्थिनींच्या मंडळाने घातलेला वाद ही संस्थेची अधिकृत कृती आहे का? हॉल संस्थेचा, शिक्का संस्थेचा, नाव संस्थेचं. तोंड मात्र एकोणीस-वीस वर्षांच्या मुलींचं, आणि तेही चिठ्ठीने वाटून दिलेलं.

तिसरा प्रश्न सर्वांत रुक्ष: ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचा अधिकार कोणाचा? नियमपुस्तिकेत त्याचं उत्तर नव्हतं. सल्लागार मॅडमची सही ‘माहिती आहे’ या अर्थाची की ‘मान्य आहे’ या अर्थाची, हेही लिहिलेलं नव्हतं. फादरांना सल्ला देण्याचा अधिकार होता, थांबवण्याचा नव्हता. डीन मॅडमना थांबवता आलं असतं, पण आपल्याला तो अधिकार आहे याची त्यांनाच खात्री नव्हती. अशा वेळी माणसं तात्पुरतं कुलूप लावतात.

## समोर असलेले पर्याय

प्राचार्या सोमवारी परतल्या. दोन दिवस त्यांनी एकेकाला बोलावून ऐकून घेतलं. त्या काळात पाच मार्ग पुढे आले.

पुढे ढकलणं. डीन मॅडमचा कल याकडे होता. वरवर सौम्य पर्याय, पण १ मेपासून परीक्षेची सुट्टी लागणार होती आणि अध्यक्ष मुलगी त्यानंतर महाविद्यालय सोडणार होती. एप्रिलअखेर पुढे ढकलणं म्हणजे रद्द करणं, आणि रद्द करण्याची जबाबदारी न घेता रद्द करणं. हे मुलींना बरोबर समजत होतं.

बाहेर घेणं. विद्यार्थिनी परिषदेच्या एका सदस्याने सुचवलं की हॉल बाहेरचा घ्या, महाविद्यालयाचं नाव वापरू नका. याला एक प्रसिद्ध पूर्वपीठिका आहे. अमेरिकेत जॉर्जटाउन या कॅथॉलिक विद्यापीठाविरुद्ध समलिंगी विद्यार्थ्यांच्या गटांनी दावा केला होता. १९८७ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने निकाल दिला की विद्यापीठाने गटाला मान्यतेचा शिक्का देणं बंधनकारक नाही, पण खोली, टपालपेटी अशा सोयी इतर गटांसारख्याच द्याव्या लागतील. म्हणजे मान्यता आणि सोयी या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या गेल्या. तो निकाल एका शहराच्या कायद्यावर आधारलेला होता आणि इथे लागू नव्हता, पण विचार करायला उपयोगी होता. अडचण अशी की वादविवाद मंडळ आधीच मान्यताप्राप्त होतं. मान्य मंडळाला एका दुपारपुरतं परकं करायचं, हे जमण्यासारखं नव्हतं.

विषय बदलणं. ईशशास्त्राच्या सिस्टरांनी मधला विषय सुचवला: स्त्रियांना डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) करावं का? त्यावर चर्चमध्ये खरोखर अभ्यास चालू होता. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ आणि २०२० मध्ये त्यासाठी अभ्यासगट नेमले होते, आणि बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात फिबी नावाच्या स्त्रीला डीकनसाठीचाच ग्रीक शब्द लावलेला आहे. विषय सुंदर होता. पण आठवडाभर कुलूप लावून मग पुढे केलेला सुंदर विषयही तडजोडीचाच वाटतो. मुलींनी नकार दिला.

वर्गात घेणं. म्हणजे जाहीर वाद नको, ईशशास्त्र विभागाचं चर्चासत्र करा. यात शिस्त राहिली असती, पण मंडळाचा कार्यक्रम विभागाच्या ताब्यात गेला असता.

आणि शेवटचा, जसं आहे तसं होऊ देणं.

माझ्या मते पहिला आणि दुसरा हे पर्याय नव्हतेच, पळवाटा होत्या. उरलेल्या तिन्हींपैकी कोणताही प्रामाणिकपणे निवडता आला असता.

## निर्णयाची बैठक

बुधवारी प्राचार्यांनी सगळ्यांना पहिल्यांदाच एका खोलीत बसवलं: डीन मॅडम, फादर, ईशशास्त्राच्या सिस्टर, सल्लागार मॅडम, मंडळाची अध्यक्ष आणि सचिव.

अध्यक्ष मुलीचं पहिलं वाक्य असं होतं: ‘सिस्टर, आम्हाला नाही म्हणा. पण कोणीतरी म्हणा.’

फादरांनी आपला आक्षेप मांडला तेव्हा तो कोणाला वाटला होता तसा निघाला नाही. मुलींनी या विषयावर बोलूच नये असं त्यांचं म्हणणं नव्हतं. सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाच्या संस्थेत, या शिकवणीविरुद्धचे आक्षेप त्यांनी स्वतः शिकले होते. त्यांना खटकलं होतं ते मतदान. ‘चर्चची शिकवण हात वर करून ठरत नाही. उद्या कोणीतरी लिहील की अमुक कॉलेजच्या मुलींनी शिकवण बहुमताने फेटाळली.’

‘फादर, आमचं मतदान कोण चांगलं बोललं यावर असतं,’ अध्यक्ष म्हणाली.

खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही. मग सचिव मुलीने प्रामाणिकपणे भर घातली की नियम तसा आहे खरा, पण मागच्या दोन्ही वादांत प्रेक्षकांनी मत दिलं ते विषयावरच. पोस्टरवर तर दोन्हीपैकी काहीच स्पष्ट नव्हतं. नऊ दिवस ज्यावरून फोन चालले होते, ते त्या एका ओळीवर येऊन थांबलं. ती ओळ दुरुस्त करायला पहिल्याच दिवशी पाच मिनिटं पुरली असती.

ईशशास्त्राच्या सिस्टरांनी इथे चर्चचे मोठे ईशशास्त्रज्ञ संत थॉमस अक्वायनस यांचा दाखला दिला. तेराव्या शतकातल्या विद्यापीठांत ‘वाद’ हा शिकवण्याचाच प्रकार होता. थॉमस यांच्या मोठ्या ग्रंथात प्रत्येक प्रश्नाची सुरुवात त्यांच्या स्वतःच्या मताविरुद्धच्या आक्षेपांनी होते, उत्तर नंतर येतं. त्यांच्याच लेखनातून त्यांच्या मृत्यूनंतर जोडलेल्या पुरवणीत, स्त्रीत्व हा दीक्षेला अडथळा आहे का, हा प्रश्न चक्क मांडलेला आहे. उत्तर ‘आहे’ असंच दिलं आहे, पण त्याआधी बाजूने जे म्हणता येईल ते नोंदवलं आहे. ‘साडेसातशे वर्षांपूर्वी विचारला गेला, तो प्रश्न आपण विचारायला घाबरतोय का?’ हे त्यांचं वाक्य डीन मॅडमना लागलं असावं, कारण ढकलण्याचा आग्रह त्यांनी त्यानंतर सोडला.

शेवटी ठरलं ते असं. तारीख, हॉल आणि प्रस्ताव कायम. मतदान रद्द, त्याऐवजी तीन परीक्षक फक्त मांडणीवर निकाल देतील. बाजू चिठ्ठीने ठरल्या आहेत हे सुरुवातीलाच जाहीर करायचं, आणि हे मंडळाचं व्यासपीठ आहे, संस्थेची भूमिका नाही, हेही. पोस्टरवरून कॅथरीन काढायची, कारण संताच्या चित्रामुळे तिने प्रस्तावाला पाठिंबा दिला असं वाटतं, हा फादरांचा मुद्दा प्राचार्यांना पटला. मुलींना हे सर्वांत कठीण गेलं. आणि एक भर: ईशशास्त्राच्या सिस्टर दहा मिनिटं चर्चची शिकवण समजावून सांगतील.

ही दहा मिनिटं कुठे घ्यायची यावर घासाघीस झाली. सुरुवातीला घेतली तर वादाआधीच निकाल लागल्यासारखं होईल, म्हणून मुलींनी ती शेवटी मागितली आणि मिळवली. यात त्या फसल्या, असं माझं मत. वादात शेवटचं भाषण ज्याचं, त्याचं पारडं जड. हे त्यांच्यापेक्षा चांगलं कोणाला माहीत असायला हवं होतं? पण नऊ दिवसांनंतर मिळालेल्या विजयात माणूस बारकावे बघत नाही.

## कार्यक्रम आणि परिणाम

हॉल भरला. खुर्च्या कमी पडल्या, मुली खिडकीच्या कठड्यांवर बसल्या. अध्यक्ष मुलीच्या वाट्याला चिठ्ठीने प्रस्तावाची विरोधी बाजू आली होती, म्हणजे चर्चच्या सध्याच्या शिकवणीची. तिने ती मनापासून लढवली: पौरोहित्य हा हक्क नाही, कोणाही पुरुषालाही तो मागता येत नाही, आणि स्त्रीचं मोठेपण वेदीवर उभं राहण्यावर ठरवणं हा पुरोहितशाहीचाच मापदंड उसना घेणं आहे. प्रस्तावाच्या बाजूने सर्वांत धारदार बोलली ती कॅथॉलिक नसलेली दुसऱ्या वर्षाची मुलगी. फिबी तिने आणलीच. शिवाय ज्या संस्थेत वर्गशिक्षिकेपासून प्राचार्यांपर्यंत सगळी पदं स्त्रियांनी सांभाळली, तिथल्या मुलींना एकाच पदाबद्दल ‘हे तुमचं नाही’ कसं समजावणार, असा प्रश्न विचारला. विरोधी बाजूचा संघ जिंकला. फादर पूर्ण वेळ बसले आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या टिपणवह्या मागून वाचल्या.

बाहेर पडसाद संमिश्र. एका माजी विद्यार्थिनीने शिष्यवृत्तीसाठी दर वर्षी द्यायची रक्कम त्या वर्षी दिली नाही. काहींनी कौतुकाची पत्रं पाठवली. बिशप कार्यालयाने खुलासा मागितला. प्राचार्यांनी एक पानी उत्तर आणि कार्यक्रमाचं लेखी स्वरूप पाठवलं. त्यावर पुढे काही आलं नाही.

मंडळाच्या आत जास्त पडझड झाली. सल्लागार मॅडमनी ते काम सोडलं. आपण दोन्हीकडून दोषी ठरलो अशी त्यांची भावना, आणि ती रास्त होती: प्रशासनाला त्यांची सही दिसली, मुलींना त्यांचं गप्प राहणं. नव्या अध्यक्षाच्या काळात वर्षभर विषय निवडले गेले ते मोबाइलचं व्यसन, परीक्षापद्धती, सौंदर्यस्पर्धा. कोणी मना केलं नव्हतं. ‘परत कुलूप नको,’ असं सचिव मुलगी, जी आता अध्यक्ष होती, मला म्हणाली. बंदी घालून जे साधलं नसतं ते या गप्पपणाने साधलं.

नियम बदलले. फॉर्ममध्ये विषयाचा रकाना आला. आक्षेप असेल तर तो तीन कामकाजाच्या दिवसांत, लेखी, आणि थेट मंडळाच्या अध्यक्षाला कळवायचा. निर्णय डीनचा, अपील प्राचार्यांकडे. केवळ विषय अवघड आहे म्हणून नकार देता येणार नाही. कार्यक्रमाच्या स्वरूपात कोणता बदल हवा ते सांगावं लागेल. सल्लागाराच्या सहीचा अर्थ ‘वाचलं आणि चर्चा केली’ असा लिहून टाकला. चांगले नियम आहेत. फक्त आता पर्यावरण मंडळालाही रोपं लावण्याआधी विषयाचा रकाना भरावा लागतो आणि तीन दिवस थांबावं लागतं. रोपवाटिकेतून आलेली रोपं एकदा त्या मुदतीत सुकलीही.

## वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त दुरुस्ती पहिल्या सकाळी हाताशी होती. फादरांनी ईमेलऐवजी मंडळाच्या मुलींना चॅपलच्या पायरीवरच थांबवून विचारलं असतं, ‘हे मतदान कशावर?’, तर बरंच टळलं असतं. त्यांनी वरच्या अधिकाऱ्याला कळवलं हे शिष्टाचाराला धरून होतं. पण मोठ्यांनी आपसात बोलायचं आणि लहानांना निकाल कळवायचा, ही सवय मुलींना कारभार शिकवणाऱ्या संस्थेत शोभत नाही.

डीन मॅडमनी ‘जरा थांबा’ हे तोंडी, जिन्यात सांगितलं. हेच दोन ओळींत लिहून मंडळाला दिलं असतं (कशामुळे थांबायचं, कधीपर्यंत, कोण ठरवणार) तर मुली चिडल्या असत्या, पण कुलुपाने अपमानित झाल्या नसत्या. तात्पुरत्या स्थगितीला तारीख नसेल तर ती तात्पुरती राहत नाही.

सल्लागार मॅडमची अडचण समजण्यासारखी आहे. बहुतेक महाविद्यालयांत हे काम वरकड असतं. त्यासाठी ना वेळ मिळतो ना प्रशिक्षण. तरी सही करताना ‘या विषयावर कोण काय म्हणेल?’ एवढा एक प्रश्न त्यांनी मुलींसोबत चघळला असता तर मतदानाची ओळ तिथेच पकडली गेली असती. मुलींना विषय टाळायला सांगावा असा याचा अर्थ नाही. अवघड विषय घेणाऱ्याने पोस्टरचा प्रत्येक शब्द विरोधकाच्या डोळ्यांनी वाचावा, ही वादविवादाचीच शिस्त आहे.

मुलींच्या बाजूनेही एक जागा सुटली. विषय ठरवताना त्या ईशशास्त्राच्या सिस्टरांकडे गेल्या नाहीत, कारण ‘त्या नाही म्हणतील’ असं गृहीत धरलं. प्रत्यक्षात सर्वांत भक्कम आधार त्यांच्याकडूनच आला. डीकनचा विषयही आधी, मोकळ्या वेळी सुचला असता तर कदाचित मुलींनीच तो उचलला असता. त्यावर वाचायला जास्त आहे आणि निकाल कोणाच्याच खिशात नाही.

विषयबदलाचा पर्याय बैठकीत इतक्या लवकर बाद व्हायला नको होता, असं ईशशास्त्राच्या सिस्टरांना आजही वाटतं. मी त्यांच्याशी सहमत नाही. त्या बुधवारी विषय बदलला असता तर नवा विषय कितीही चांगला असला तरी तो कुलपाचा विजय ठरला असता.

एक गोष्ट नव्या नियमांतही सुटलेली आहे. ते हॉल आणि फलक यांच्यासाठी आहेत. पण गोंधळ वाढला तो फोटो फिरल्यामुळे, आणि मंडळांची इन्स्टाग्राम खाती महाविद्यालयाच्या नावानेच चालतात, त्यांचे पासवर्ड दर वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलींकडे असतात. त्यावर टाकलेलं पोस्टर कोणाचं, आक्षेप आला तर ते उतरवायचं कोणी, आणि तीन दिवसांची मुदत तिथे कशी मोजायची, हे विद्यार्थिनी परिषदेच्या पुढच्या सत्रातल्या विषयपत्रिकेवर आहे. वादविवाद मंडळाच्या खात्यावर ते काळं पोस्टर, कॅथरीनसह, अजून आहे.